आबांचा व्हिडिओ

बाईंनी या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी 'मी केलेली दुरुस्ती' हा विषय दिला. एकाने सायकलचे पंक्चर लिहिले. एकीने दप्तराला ठिगळ लावले ते लिहिले. दोघांनी गोठ्याचे दार लिहिले आणि दार एकच आहे, कारण ते जुळे भाऊ आहेत. मी जी दुरुस्ती लिहिणार आहे ती हाताला लागत नाही. तिला खिळा नाही की सोल्युशन नाही. पण ती करायला मला जवळजवळ महिना लागला.

माझा लेख लांब झाला आहे. बाई म्हणाल्या होत्या दोन कागद, मला पाच लागले. वरचे कागद उंच गेले आहेत. ते पालकांनी लहान मुलांना वाचून दाखवावेत ही विनंती.

आमचे गाव माण तालुक्यात आहे. पाऊस कमी. माझे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, याच शाळेत होते. १९७२ साली ते चौथीत होते. त्या वर्षी मोठा दुष्काळ पडला. आबांनी शाळा सोडली आणि ते आईच्या मागे मागे पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागले. परत शाळेत आलेच नाहीत. मागल्या वर्षी, २०२४ च्या डिसेंबरात, आबा वारले. ते ६२ वर्षांचे होते.

त्याच्या आधी दिवाळीला पुण्याचे काका आले होते. त्यांनी अंगणात आबांना बोलतं केलं आणि मोबाइलवर व्हिडिओ काढला. मी तेव्हा किल्ला करत होते, मला पत्ताच नाही. यंदा जुलैमध्ये काका आपल्या मोबाइलमधली जागा मोकळी करत होते, तेव्हा त्यांना तो सापडला. सात मिनिटांचा. त्यांनी लगेच फोन केला. आई रडली. आजी काही बोलली नाही. नुसती "लाव" म्हणाली.

लाव म्हणणे सोपे असते.

काकांनी व्हिडिओ ड्राइव्हवर ठेवला आणि त्याची लिंक पाठवली. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि चित्र पुसट होते, म्हणून. आता आमच्या गावात रेंज कुठे येते ते तुम्हाला माहीत आहेच. पाझर तलावाच्या भरावावर. तोच तलाव, आबांच्या वेळचा. बाबा आणि मी छत्री घेऊन भरावावर बसलो. मोबाइलवर निळी रेघ पुढे सरकत होती. मग पाऊस वाढला आणि आम्ही घरी आलो.

घरी दादाने मोबाइल बघितला. दादा आठवीत आहे आणि त्याला सगळे येते असे त्याला वाटते. फाइल आलेली होती, पण तिच्या नावाच्या शेवटी 'सीआरडाउनलोड' असे काहीतरी होते. दादा म्हणाला, "हे चुकीचं हाय. व्हिडिओच्या शेवटी एमपी फोर असतंय." त्याने शेवट खोडून तिथे एमपी फोर टाकले. लगेच तिथे व्हिडिओचे चित्र आले! आम्हांला फार आनंद झाला. आजीने पदराला हात पुसले आणि ती जवळ येऊन बसली. दादाने बोट लावले. पडद्यावर आले, ही फाइल उघडता येत नाही.

दादाने मोबाइल बंद करून चालू केला. पडदा शर्टाला पुसला. परत लावून बघितला. दहा वेळा तरी लावला असेल. आजी तशीच बसली होती. शेवटी ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. उद्या बघा," आणि चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारले. बाईंनी आधी मलाच प्रश्न विचारला, "काकांकडची फाइल केवढी आहे आणि तुमच्याकडची केवढी आहे?" मला माहीत नव्हते. संध्याकाळी फोन करून विचारले. काकांची ४१२ एमबी होती. आमची ११८ एमबी. म्हणजे २९४ एमबी यायचेच राहिले होते! ते 'सीआरडाउनलोड' म्हणजे चूक नव्हती. फाइल अजून पुरी उतरलेली नाही, अशी ती पाटी होती. आणि दादाने पाटीच काढून टाकली होती.

बाई म्हणाल्या, फाइलच्या नावात टिंबाच्या पुढे जे असते ते तिचे आडनाव समजायचे. आडनाव बदलले म्हणून माणूस बदलत नाही. डब्यावर साखर लिहिले म्हणून आतले मीठ गोड होत नाही. हे मी घरी दादाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मला म्हाईतच होतं."

पण मला एक शंका होती. चार हिश्श्यांतला एक हिस्सा तरी आला होता ना? मग पहिली दोन मिनिटे तरी का दिसली नाहीत? अर्धी भाकरी खाता येते की. बाई हसल्या. त्यांनी सांगितले की व्हिडिओच्या फाइलला पुस्तकासारखी अनुक्रमणिका असते. कोणते चित्र कुठे आहे, कोणता आवाज कुठे आहे, हे तिच्यात लिहिलेले असते. पुस्तकात ती पहिल्या पानावर असते. मोबाइलने काढलेल्या व्हिडिओत मात्र ती बहुतेक वेळा शेवटी असते, कारण मोबाइल आधी सगळे चित्रण करतो आणि मग हिशेब लिहितो. आमच्या फाइलचा शेवटच आला नव्हता, मग अनुक्रमणिका कुठली? सगळे आबा आत असूनसुद्धा कुठे बघायचे ते मोबाइलला कळत नव्हते. सगळे म्हणजे पाव आबा.

मी त्याच रात्री काकांना फोनवर सांगितले, "काका, आमच्याकडे नीट लागेपर्यंत तुमच्याकडचा पुसू नका." काका म्हणाले, "बरं झालं बोललीस गं, आजच पुसणार होतो." माझ्या पोटात गोळाच आला.

पुढच्या आठवड्यात बाबा तालुक्याला खत आणायला गेले. तिथे पाहुण्यांच्या दुकानात वायफाय आहे. पण तिथेही अडले! बाबांच्या मोबाइलमध्ये जागा नव्हती. ४१२ एमबीची फाइल घ्यायची तर तेवढी जागा मोकळी लागते. तांब्याभर पाणी वाटीत कसे मावेल? बाबांनी दुकानात बसून शुभ सकाळचे फोटो पुसले. फुले, सूर्य, कपबशी, सगळे पुसले. एक तास गेला म्हणतात. या वेळी बाबांनी आकडा बघूनच मोबाइल खिशात घातला. ४१२. पुरे!

रात्री जेवणे झाल्यावर लावला. आणि काय सांगू, आबा बोलायला लागले! पण पडदा काळा. काळी पाटी आणि आतून आबांचा आवाज. खोकला तसाच, मधेच "ऐकतोय न्हवं?" म्हणणे तसेच. आई पुढे सरकली. दादा मोबाइल उलटासुलटा करू लागला. मी म्हटले, "बिघडलाय अजून, चित्र नाही." तर आजी म्हणाली, "आवाज त्यांचाच हाय न्हवं? मग बिघडलंय कुठं? मला तसंबी धड दिसत न्हाई. गप ऐकू द्या." आजीच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. म्हणून आम्ही सातही मिनिटे काळ्या पडद्याकडे बघत बसलो.

पण मला आबा बघायचे होते. दिवाळीत मी किल्ला करत होते आणि ते माझ्या मागेच बसले होते.

दादाने दुसऱ्या दिवशी एक ॲप घेतले. फुकटात व्हिडिओ बदलून देतो असे त्यावर लिहिले होते. आधी तीन जाहिराती दाखवल्या. मग त्याने व्हिडिओ बदलून दिला आणि चित्र खरेच दिसले! पण एकच मिनिट. पुढचे पाहिजे तर पैसे भरा. आणि त्या ॲपचे नाव मोठ्या अक्षरांत आबांच्या कपाळावर, गंधाच्या जागी. आईला ते अजिबात आवडले नाही. त्यात मोबाइल म्हणू लागला, जागा संपली. दादा म्हणाला, "आता चित्र आलंय, जुना मोठा व्हिडिओ पुसून टाकू." त्याचे बोट पुसायच्या खुणेवर होते. मी मोबाइल ओढला आणि पळाले. आईने मला मारले नाही, दादालाच रागावली. बाईंचा नियम मी तेव्हाच पाठ केला होता: मूळ फाइलला हात लावायचा नाही. जे काय करायचे ते तिची नक्कल करून तिच्यावर करायचे. शेतकरी बियाण्याचे पोते खायला काढत नाही, तसे.

मग बाबांनी मोबाइल घेऊन मला शाळेत सोडले. बाईंनी फाइल शाळेच्या कॉम्प्युटरवर घेतली आणि व्हीएलसी नावाच्या प्लेअरमध्ये लावली. त्याची खूण तुम्ही बघितली असेल, रस्त्याच्या कामावर ठेवतात तशी नारिंगी-पांढरी टोपी. हे काम फ्रान्स देशात १९९६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी सुरू केले आणि ते फुकट आहे. खरे फुकट, कपाळावर नाव न टाकणारे. त्यात चित्र आले! पण कॉम्प्युटर जुना असल्यामुळे आबा अडखळत होते. हात वर गेला की वरच राहायचा आणि आवाज पुढे निघून जायचा. बाईंनी तीच फाइल पेन ड्राइव्हवर घालून वर्गातल्या टीव्हीला लावली, तर टीव्हीने सरळ नकार दिला.

बाईंनी व्हीएलसीमध्ये टूल्स या शब्दावर दाबून कोडेकची माहिती उघडली. तिथे व्हिडिओपुढे एचईव्हीसी असे लिहिले होते. हाच तो रोग! बाईंनी तो असा समजावला. एमपी फोर किंवा एमओव्ही हा नुसता डबा आहे. जेवणाच्या डब्यात जसे दोन कप्पे असतात, तसे एका कप्प्यात चित्र आणि दुसऱ्यात आवाज. दोन्ही घडी करून भरलेले असतात. घडी करायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. आवाजाची घडी बाबांच्या मोबाइलला उलगडता आली, चित्राची आली नाही. म्हणून आवाज आला आणि पडदा काळा.

घडी कशाला करायची, असे मी विचारले. तर बाईंनी मला फळ्यावर गणित घातले. सात मिनिटे म्हणजे ४२० सेकंद. एका सेकंदात ३० चित्रे. ४२० गुणिले ३० म्हणजे १२,६०० चित्रे. आणि एका चित्रात १,९२० गुणिले १,०८० ठिपके, म्हणजे २०,७३,६०० ठिपके! हे सगळे घडी न करता ठेवले तर ७८ हजार एमबीच्या वर जाते. घडीमुळे ते ४१२ मध्ये बसले. एका चित्रात आणि पुढच्या चित्रात आमची भिंत तीच, तुळस तीच, फक्त आबांचा हात हललेला. म्हणून भिंत परत परत लिहीत नाहीत, फक्त काय बदलले ते लिहितात. मला हे फार आवडले.

घडीची एक जुनी पद्धत आहे, एच २६४. ती २००३ सालची. ती बहुतेक सगळ्या मोबाइल-टीव्हीला येते. एचईव्हीसी म्हणजेच एच २६५, ती २०१३ सालची. तिच्यात साधारण तेवढेच चांगले चित्र अर्ध्या जागेत बसते. काकांचा मोबाइल नवा, त्याने नवी घडी घातली. बाबांचा मोबाइल जुना, त्याला ती उलगडता येत नाही. आईच्या नऊवारीची घडी मला उलगडता येते पण परत घालता येत नाही, तसे काहीतरी. कोणाची चूक नाही. आणि म्हणूनच एमओव्हीचे आडनाव खोडून एमपी फोर केले तरी काही उपयोग झाला नसता. जुन्या घडीत परत घालायला पाहिजे.

ते काम हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरने केले. त्याची खूण अननस आहे. का ते बाईंनाही माहीत नाही. तेही फुकट आहे. त्यात मूळ फाइल उघडली, 'फास्ट ७२०पी ३०' हा प्रकार निवडला, नवी फाइल कुठे ठेवायची ते सांगितले आणि स्टार्ट दाबले. ते बटण मी दाबले. खाली आकडे पळू लागले. एका सेकंदात ११ चित्रे होत होती. १२,६०० भागिले ११, म्हणजे १९ मिनिटांच्या वर. आम्ही सगळा वर्ग बघत होतो. ६४ टक्के झाले आणि लाइट गेली.

पोरे ओरडली. मीही ओरडले.

दीड तासाने लाइट आली. जी अर्धी नवी फाइल झाली होती ती उघडेना. बाईंनी माझ्याकडे बघितले आणि मला एकदम समजले. "बाई, अनुक्रमणिका लिहायच्या आधीच लाइट गेली!" बाई म्हणाल्या, "शाबास." मूळ फाइल मात्र जशीच्या तशी होती, कारण हँडब्रेक तिला बदलत नाही, वेगळी नवी करतो. अर्धी फाइल टाकून दिली आणि खिचडीच्या सुट्टीत पुन्हा लावले. मी खिचडी कॉम्प्युटरपाशीच खाल्ली. गुरुजींनी बघितले पण ते काही बोलले नाहीत. खिचडी संपली, ताट धुऊन आले, तेव्हा ९७ टक्के झाले होते. नवी फाइल ९६ एमबीची झाली.

पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. आबा दिसले. आमचे अंगण, तुळस, आबांची टोपी. आणि त्यांच्या मागे पाठमोरी मी, हाताला चिखल.

बाईंनी आणि गुरुजींनी पूर्ण व्हिडिओ बघितला आणि ठरवले की १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर पालकांना दाखवायचा. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा होते, म्हणून सगळे लिहीत नाही. जे नव्हते त्यांच्यासाठी थोडे. आबा सांगतात की दुष्काळात लाल मिलो ज्वारीची भाकरी खाल्ली, कामावर सुकडी मिळायची, आणि घमेले डोक्यावर घेऊन त्यांनी तलावाच्या भरावावर माती टाकली. मग काका विचारतात, "शाळेतलं काय आठवतंय?" तेव्हा आबा हजेरी म्हणतात. चौथीची, एक नंबरापासून. एकेकाचे नाव घेतात आणि आवाज बदलून स्वतःच "हजर" म्हणतात. जो कामावर गेला होता त्याला "गैरहजर". बावन्न वर्षांनी त्यांना ओळीने पाठ होती!

पालकांमध्ये एक म्हातारे आजोबा खांबापाशी बसले होते. त्यांचे नाव आले तेव्हा आबांनी "गैरहजर" म्हटले. तर ते आजोबा उठून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "हजर!" सगळे हसले. ते हसले नाहीत. पुढच्या दोन नावांपर्यंत ते उभेच होते.

आजी आली नव्हती. तिचे गुडघे दुखतात आणि शाळा चढावर आहे. तिला घरी बाबांच्या मोबाइलवर नवा व्हिडिओ दाखवला, तो आता नीट लागतो. पण बाबा दिवसभर रानात असतात आणि मोबाइल त्यांच्याबरोबर. आजीकडे बटणांचा छोटा फोन आहे. त्यात हा व्हिडिओ लागत नाही. मी परत बाईंकडे गेले. या वेळी मला माहीत होते काय मागायचे ते. "बाई, नुसता आवाजाचा कप्पा काढता येईल का?" व्हीएलसीमध्येच ते होते. मीडियात जाऊन कन्व्हर्ट, आणि प्रकार ऑडिओ एमपी थ्री. सात मिनिटांचा आवाज साडेसहा एमबीत बसला. ४१२ चे साडेसहा! तो मेमरी कार्डावर घालून आजीच्या फोनमध्ये टाकला आणि पहिल्या झटक्यात लागला. मूळ फाइल आता तीन ठिकाणी आहे: काकांकडे, शाळेच्या कॉम्प्युटरवर आणि बाईंच्या पेन ड्राइव्हवर.

आजी दुपारी तांदूळ निवडताना तो लावते. हजेरीत आबा शेवटी स्वतःचे नाव घेतात आणि स्वतःच म्हणतात, "हजर." आजी तिथे थांबवते आणि मागे नेते. मागे न्यायचे बटण तिला मी दाखवले आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी